ईबी असलेल्या मुलांची हाडं कशी सांभाळायची : नाशिकच्या एका आईकडून

माझ्या लेकीला ईबी आहे, एपिडर्मोलिसिस बुलोसा, त्यातला रिसेसिव्ह डिस्ट्रॉफिक प्रकार. आता १४ वर्षांची आहे. ज्यांच्या घरात हा आजार आहे त्यांना वेगळं सांगायला नको, हात जरा घट्ट धरला तरी कातडी निघते, पाण्याचे फोड येतात, फोड फुटून जखम होते आणि घरातल्यांचा दिवस सुई, गॉज, व्हॅसलिन, ड्रेसिंग यातच जातो. आम्ही पंचवटीत राहतो. पहिली दहा वर्षं आम्ही फक्त कातडी सांभाळली, हाडांचा विषय कुणी काढला नाही आणि आम्हालाही सुचला नाही.

अकरावं लागलं तेव्हा दिवाळीच्या आधी तिची पाठ दुखायला लागली. सासूबाई म्हणाल्या उसण भरली असेल. ज्यांना दाखवलं ते डॉक्टर म्हणाले, एवढ्या पट्ट्या बांधून बसते, पाठ दुखणारच. मलाही पटलं. पण मी रोज वेणी घालायला बसायचे तेव्हा दिसायचं की ती डोकं मागे करताना दोन्ही कोपरं गादीवर दाबून धरते, श्वास रोखते आणि झालं की हळूच सोडते. जखमेचं दुखणं ती बोलून दाखवायची, हे दुखणं नव्हती दाखवत. फेब्रुवारीत शेवटी पाठीचा एका बाजूने एक्सरे काढला. मणका कसा, विटेसारखा चौकोनी दिसायला हवा. तिचे दोन मणके पुढच्या बाजूने दबून पाचरीसारखे झाले होते. ती कुठेही पडली नव्हती. म्हणजे जवळजवळ चार महिने फ्रॅक्चर अंगावर घेऊन मुलगी शाळेचा अभ्यास करत होती, आणि आम्ही पाठीखाली उशी बदलत होतो.

म्हणून हे लिहितेय. तुमच्या घरात लहान मूल असेल तर तुमच्याकडे अजून वेळ आहे आणि हे बरंचसं टाळता येतं, त्यासाठीच लिहितेय.

आधी एक गोष्ट नीट समजून घ्या कारण सगळं त्यावरच उभं आहे. डिस्ट्रॉफिक ईबीमधे बिघाड असतो तो कोलॅजन ७ मधे. कातडीचा वरचा थर खालच्या थराला टाचून ठेवणारे धागे या कोलॅजनचे असतात, ते नसले किंवा अर्धवट असले की थर सुटतात. हाडातलं कोलॅजन वेगळं असतं, ते कोलॅजन १. म्हणजे आपल्या मुलांची हाडं जन्मतःच ठिसूळ असतात असं नाही, ती नंतर कमकुवत होतात, आणि का होतात ते ठाऊक आहे. तोंडात आणि अन्ननलिकेत फोड आल्यामुळे जेवण कमी जातं. जे पोटात जातं त्यातलं बरंच जखमा भरायला आणि जखमेतून वाहून गेलेलं प्रोटीन भरून काढायला खर्च होतं. चालणं कमी. ऊन अंगाला लागत नाही कारण अंग पट्ट्यांत. जखमा वर्षानुवर्षं चालू, त्यामुळे शरीरात सतत सूज, आणि ही सूज हाड खाते. वयात येणं लांबतं. ही पाच-सहा कारणं एकत्र येतात, म्हणून उपायही एकच नसतो. कॅल्शियमची गोळी चालू केली म्हणजे हाडांचं झालं असं कुणी म्हटलं तर ते अपुरं आहे.

सौम्य ईबी सिम्प्लेक्स असेल, फक्त तळपायाला-तळहाताला फोड येत असतील, तर सहसा इतकं होत नाही, पण पायाच्या फोडांमुळे मूल दिवसभर बसून राहत असेल तर डी जीवनसत्त्व तरी तपासून घ्या. रिसेसिव्ह डिस्ट्रॉफिक आणि जंक्शनल (हा ईबीचा आणखी एक प्रकार) याच्या गंभीर प्रकारात मात्र लहानपणापासूनच लक्ष ठेवायला लागतं.

रक्त तपासणीपासून सुरुवात

वर्षातून एकदा तरी ह्या तपासण्या करून घ्यायला डॉक्टरांना सांगा: २५ हायड्रॉक्सी व्हिटॅमिन डी, कॅल्शियम, फॉस्फरस, अल्कलाइन फॉस्फटेज, पीटीएच (पॅराथायरॉइड हार्मोन), क्रिएटिनिन, अल्ब्युमिन, झिंक, आणि हिमोग्लोबिन-फेरिटिन तर आपल्या मुलांचं करायचंच असतं. हे सगळं एकाच वेळी एकाच सुईत करून घ्या, शीर सापडायला किती त्रास होतो ते आपल्याला माहिती आहे, तीनदा कशाला टोचायचं. घरी रक्त घ्यायला येणाऱ्या मुलाला आधीच फोनवर सांगून ठेवायचं की दंडाला रबर थेट बांधायचा नाही, खाली गॉजची जाड घडी ठेवायची, स्पिरिटचा बोळा घासायचा नाही, नुसता टेकवून उचलायचा, आणि शेवटी चिकटपट्टी अजिबात नाही, कापूस आपण बोटाने धरून ठेवू. मी हे एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून दारातच देते. तोंडी सांगितलेलं सवयीने विसरलं जातं, त्या मुलाचा दोष नसतो, दिवसात चाळीस लोकांना तो पट्टी लावतो.

डी जीवनसत्त्व मिलिलिटरला २० नॅनोग्रॅमच्या खाली आलं तर कमी. खूप ठिकाणी ३०च्या वर ठेवायला सांगतात. माझ्या लेकीचं पहिल्यांदा केलं तेव्हा ९ आलं होतं, आणि आम्ही राहतो नाशिकमधे जिथे वर्षातले आठ-नऊ महिने ऊन डोक्यावर असतं.

ऊन आणि डीच्या पुड्या

सगळे सांगतात कोवळ्या उन्हात बसवा. पण कोवळ्या उन्हात डी जवळजवळ तयार होत नाही, त्यासाठी लागणारे किरण सकाळी साधारण १०-११ ते दुपारी २-३ पर्यंत असतात. सावळ्या कातडीला आणखी जास्त वेळ लागतो. पट्टीखाली काहीच होत नाही. आणि आपल्याकडे गॅलऱ्या सगळ्या स्लायडिंगच्या काचा लावून बंद केलेल्या, त्या काचेतून ऊब येते पण ते किरण येत नाहीत. मी दोन हिवाळे लेकीला काचेमागे उन्हात बसवलं होतं, त्याचा डीसाठी काही उपयोग नव्हता.

मग उन्हाचं काय करायचं? डिसेंबर-जानेवारीत, निफाडला पारा खाली जातो आणि आपल्याकडेही हवा छान गार असते, तेव्हा अकराच्या सुमारास गच्चीवर दहा-पंधरा मिनिटं, जो भाग बरा आहे, जिथे जखम नाही, तेवढा उघडा ठेवून बसवा. तिला बरं वाटतं, चार पावलं चालणं पण होतं. एप्रिल-मेमधे हा प्रयोग करू नका, घाम आला की फोड वाढतात. पण डीसाठी उन्हाच्या भरवशावर राहू नका, औषधातूनच द्यावं लागतं.

मेडिकलमधे ६०,००० युनिटची पुडी किंवा छोटी बाटली मिळते. मोठ्यांना कमतरता असेल तर सर्वसाधारणपणे आठवड्याला एक, सहा ते आठ आठवडे, मग महिन्याला एक अशी देतात. मुलांचं वय आणि रिपोर्ट बघून डॉक्टर ठरवतील. मला इथे जोर देऊन सांगायचंय: ही पुडी रोज घ्यायची नसते. आठवड्याची पुडी चुकून रोज दिली गेल्याच्या गोष्टी खऱ्या आहेत. डी शरीरात साठतं, जास्त झालं की रक्तातलं कॅल्शियम वाढतं, उलट्या, खूप तहान, सारखी लघवी, पोट कडक होणं, मूल सुस्त पडणं असं होतं आणि किडनीला धोका होतो. आम्ही कॅलेंडरवर रविवारच्या चौकोनात पुडी दिली की टिक करतो, म्हणजे मी दिली आणि ह्यांनीपण दिली असं होत नाही. दूध-सायीबरोबर द्या, डी स्निग्ध पदार्थाबरोबर चांगलं लागू पडतं. तीन महिन्यांनी परत तपासा.

खाणं

आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) २०२०च्या तक्त्यात १० ते १२ वर्षांच्या मुलांना दिवसाला ८५० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं असं दिलंय, १३ ते १५ ला १०००. हे निरोगी मुलांचं. आपल्या मुलांना निदान तेवढं तरी जायला हवं, आणि अडचण अशी की चावता येत नाही, तोंड नीट उघडत नाही, कुठलाही टोकदार किंवा कडक घास अन्ननलिकेत फोड आणतो. चिवडा, पापड, चपातीच्या कडा, हे सगळं आमच्याकडे बंद आहे. तिखटही नाही, मिसळीचा तर प्रश्नच नाही.

आपल्या भागात नागली, म्हणजे नाचणी, आहे हे आपलं नशीब. सुरगाणा, पेठ, त्र्यंबककडची नागली बाजारात मिळते, शंभर ग्रॅममधे साधारण ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, धान्यांमधे इतकं दुसऱ्या कशातच नाही. मी काय करते ते सांगते. नागली धुऊन, रात्रभर भिजवून, फडक्यात बांधून मोड आणायचे, सावलीत वाळवायची, मंद भाजायची, दळून आणायची आणि मग मलमलच्या कापडातून चाळायची, कारण साध्या चाळणीतून कोंड्याचा बारीक कण खाली येतो आणि तो तिच्या घशाला टोचतो. दोन मोठे चमचे पीठ गार पाण्यात आधी कालवायचं, मग उकळत्या दुधात घालून सतत हलवत शिजवायचं, गुठळी राहिली तर गाळून घ्यायचं. वर एक चमचा साजूक तूप, गूळ. आणि पूर्ण कोमट झाल्याशिवाय द्यायचं नाही, मी माझ्या ओठाला लावून बघते. सकाळी पेज आणि संध्याकाळी ताकातली आंबील, मीठ-जिरेपूड घालून.

तीळ शंभर ग्रॅममधे हजारच्या वर कॅल्शियम असतं, पण अख्खा तीळ तिच्या हिरड्यात अडकतो, तर भाजून अगदी लोण्यासारखा वाटून पेजेत किंवा दहीभातात घाला. शेवग्याचा पाला वरणात शिजवून मिक्सरमधून काढून गाळला की कळतही नाही. डिंकाचे लाडू प्रेमाने येतात नातेवाईकांकडून, पण ते कडक असतात, तूप-दूध घालून कुस्करून लापशीसारखे करा.

आमचा एका दिवसाचा हिशोब बघा. दूध दोन वेळा मिळून ४०० मिली, म्हणजे ४८० च्या आसपास. नागलीचं पीठ ३० ग्रॅम, शंभर. मोठी वाटी दही, दीडशे ते पावणेदोनशे. वाटलेले तीळ दोन छोटे चमचे, शंभर. झाले साडेआठशेच्या आसपास. तिला हजार हवेत, उरलेलं औषधातून. ज्या दिवशी घसा बंद असतो त्या दिवशी यातलं अर्धंही जात नाही, आणि असे दिवस सलग यायला लागले तर तो हाडांचाही प्रश्न आहे हे लक्षात घ्या. अन्ननलिका अरुंद झाली असेल तर फुग्याने रुंद करून घेणं, किंवा पोटात नळी बसवणं, याला आपण आईबाप फार घाबरतो, मीही दीड वर्ष टाळलं. पण उपाशी मुलाची हाडं कुठलीच गोळी भरू शकत नाही.

प्रोटीन विसरू नका, हाडाचा सांगाडा प्रोटीनचाच असतो, त्यावर कॅल्शियम बसतं. पनीर बारीक कुस्करून, मऊ अंडं, मुगाच्या डाळीचं घट्ट वरण, जे जाईल ते.

गोळ्यांबद्दल दोन-तीन गोष्टी कुणीतरी आधी सांगायला हव्या होत्या. लोहाचं औषध आणि कॅल्शियम एकत्र देऊ नका, किमान दोन तासांचं अंतर ठेवा, नाहीतर एक दुसऱ्याला शोषू देत नाही, आपली बहुतेक मुलं ॲनिमियासाठी लोह घेतच असतात. एका वेळी ५०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त कॅल्शियम दिलं तर त्याचा भाग कमी लागतो, विभागून द्या. कॅल्शियम कार्बोनेट जेवणाबरोबरच द्यायचं कारण त्याला पोटातलं ॲसिड लागतं, आणि ॲसिडिटीची गोळी रोज चालू असेल तर डॉक्टरांना विचारून सायट्रेट घ्या, ते रिकाम्या पोटीही चालतं. आणि लोह काय, कॅल्शियम काय, दोन्ही पोट बांधतात. कडक शौचाने आपल्या मुलांना तिथे चिरा आणि फोड येतात, मग मूल भीतीने खाणंच कमी करतं, म्हणून शौच मऊ राहायचं औषध सुरुवातीपासूनच सोबत मागून घ्या.

उभं राहणं, चालणं

हाडाला वजन पडलं तरच ते भरतं. हे मला फिजिओथेरपिस्ट ताईंनी समजावलं आणि मला सगळ्यात अवघड हेच गेलं, कारण दहा वर्षं मी तिला "बस, उठू नको, लागेल" हेच म्हणत आले होते. उचलून न्यायचे मी तिला बाथरूमपर्यंत. प्रेमानेच. पण त्या प्रेमात तिचे पाय रिकामे राहिले.

आता आम्ही असं करतो. ओट्यासमोर जुन्या सुती लुगड्यांची गोधडी चार पदरी घालते, त्यावर ती उभी राहते आणि मटार सोलते किंवा मेथी निवडते, बोटं जुळलेली आहेत तिची पण दोन पंजांच्या मधे धरून करते. आधी तीन मिनिटं व्हायची, आता बारा-पंधरा. दिवसातून चार-पाच वेळा. एकदम अर्धा तास चालवण्यापेक्षा थोडं थोडं जास्त वेळा बरं, तळपायाला फोड कमी येतात. घरात व्हीलचेअर नाही, बाहेर लांब जायचं असेल तर आहे, त्यात कमीपणा मानत नाही. गोदाघाटावर जायचं तर गाडी लागेपर्यंत व्हीलचेअर, आणि सपाट जागा आली की दहा पावलं पायी.

मोजे उलटे घाला, शिवण बाहेर. बूट एक नंबर मोठा, आतून मऊ, आतली शिवण हाताने चाचपून बघा, आपल्या बोटाला लागली तर तिच्या पायाला नक्की लागणार. ड्रेसिंग बदलायच्या दिवशी आंघोळीच्या टबात पट्ट्या सुटत असताना पाय-गुडघे हलवायला सांगा, पाण्यात घर्षण कमी असतं आणि दुखतही कमी, पाण्यात दर लिटरला ९ ग्रॅम मीठ घातलं की झोंबत नाही. टबात वजन पडत नाही म्हणून हाडाला थेट फायदा कमी, पण सांधे मोकळे राहिले तरच उभं राहता येणार ना.

बाळ असेल तर उचलताना काखेत हात घालून उचलू नका, कातडीही जाते आणि वाकडा झटकाही बसतो. एक हात कुल्ल्याखाली, एक मानेमागे, शक्यतो मऊ दुपट्यासकट. आणि तेल मालिश नाही. हाडं मजबूत होतात म्हणून कितीही मोठ्या माणसाने सांगितलं तरी नाही. हाडवैद्याकडे तर मुळीच नेऊ नका, ओढून-ताणून बसवण्यात कातडी सोलवटून निघेल आणि दबलेला मणका असेल तर अजूनच वाईट.

डेक्सा स्कॅन कसा करून घ्यायचा

हाडांची घनता मोजायचा हा स्कॅन, दहा-पंधरा मिनिटं पडून राहायचं, टोचायचं काही नाही, रेडिएशन अगदी कमी. गंभीर ईबीमधे पाच-सहा वर्षांचं झालं की पहिला करून ठेवतात, मग साधारण दर वर्षा-दोन वर्षांनी. आपल्याकडे गंगापूर रोड, कॉलेज रोड, मुंबई नाका या बाजूला डायग्नोस्टिक सेंटरं भरपूर आहेत, पण जायच्या आधी फोन करून विचारा की मशीनमधे लहान मुलांचा डाटा आहे का आणि रिपोर्टमधे झेड स्कोअर देणार का. कारण बहुतेक मशीनवर पाळी गेलेल्या बायकांचे स्कॅन होतात आणि तिथे टी स्कोअर देतात, म्हणजे तरुण मोठ्या माणसाशी तुलना. मुलाची तुलना त्याच वयाच्या मुलाशी हवी, तो झेड स्कोअर. उणे २ किंवा त्याखाली आला तर वयाच्या मानाने कमी. आमची मुलं उंचीने लहान असतात, लहान हाड मशीनला कमी घनतेचं वाटतं, तर उंचीचा हिशोब धरून आकडा वाचायला पाहिजे हे डॉक्टरांना आठवण करा. नुसत्या कमी झेड स्कोअरवर मुलांना ऑस्टिओपोरोसिस म्हणत नाहीत, आणि उलट, आकडा बरा असूनही मणका न पडता दबला असेल तर तेवढ्यावरच निदान होतं. म्हणून स्कॅनबरोबर पाठीचा बाजूने एक्सरेही मागा. मणक्याची फ्रॅक्चर खूपदा दुखतही नाहीत.

जायच्या आदल्या दिवसापासून कॅल्शियमची गोळी बंद ठेवा, पोटात न विरघळलेली गोळी चित्रात येते. अन्ननलिकेसाठी बेरियमची तपासणी झाली असेल तर एक-दोन आठवडे थांबा, बेरियम आतड्यात राहून सगळं बिघडवतं. पोटात नळी असेल तर तंत्रज्ञांना आधी सांगा. पाठ आणि कमरेवरचं ड्रेसिंग शक्यतो पातळ करून न्या आणि दर वेळी सारखंच ठेवा, म्हणजे मागच्या वर्षीशी तुलना होते. टेबलावर घालायला आपली मऊ चादर न्या. तिला टेबलावर सरकवायचं नाही, उचलून ठेवायचं. गुडघे सरळ होत नसतील तर ओढू नका, खाली उशी द्या, आणि तसं रिपोर्टवर लिहायला सांगा.

घरी महिन्यातून एकदा वजन, तीन महिन्यांतून एकदा उंची लिहा. वजन आंघोळीनंतर, नवीन पट्ट्या बांधायच्या आधी घ्या, नाहीतर ओल्या ड्रेसिंगचं वजन धरून आपण खूश होतो. उंची मोजताना गुडघे वाकलेले असतील तर बसून डोक्यापर्यंतची उंची मोजा, ती कमी होताना दिसली तर मणका दबतोय का बघायलाच हवं.

वयात येणं

हे कुणी बोलत नाही म्हणून मुद्दाम. मुलीला १३ पूर्ण होऊनही छातीची वाढ सुरू झाली नसेल, किंवा मुलाला १४ पर्यंत काहीच बदल नसेल, तर एंडोक्राइनच्या, म्हणजे हार्मोनच्या, डॉक्टरांना दाखवा. आमच्याकडे सगळ्या बायका म्हणायच्या, पाळी उशिरा येतेय तर बरंच आहे, आधीच एवढ्या जखमा. मलाही ते बरंच वाटत होतं. पण मोठेपणी असणाऱ्या हाडाचा ९० टक्क्यांच्या आसपास साठा १८-२० पर्यंत तयार होतो, आणि त्यातला मोठा भाग वयात येतानाच्या हार्मोनमुळे. ती वर्षं रिकामी गेली तर परत येत नाहीत. खाणं सुधारलं की कधी कधी आपोआप सुरू होतं, नाही झालं तर डॉक्टर कमी डोसमधे हार्मोन देतात.

इंजेक्शनची वेळ आली तर

फ्रॅक्चर झालं असेल तर बिस्फॉस्फोनेट, म्हणजे हाडांची झीज कमी करणारं औषध, देतात, पॅमिड्रोनेट किंवा झोलेड्रोनेट, शिरेतून. याच्याच तोंडाने घ्यायच्या गोळ्या असतात, अलेन्ड्रोनेट वगैरे, त्या अन्ननलिकेला जाळतात, अरुंद अन्ननलिकेच्या मुलाला त्या नकोत, कुणी लिहून दिल्या तर अन्ननलिकेचं स्पष्ट सांगा. आमच्या लेकीला झोलेड्रोनेट मुंबईला दिलं. त्याआधी डी आणि कॅल्शियम भरून घेतलं, ते कमी असताना दिलं तर रक्तातलं कॅल्शियम धाडकन खाली येतं, तोंडाभोवती-बोटांना मुंग्या, झटके. दात आधी दाखवून घेतले, काढायचे असतील ते काढून मगच. पहिल्या डोसनंतर दुसऱ्या दिवशी ताप आणि अंगदुखी येते हे सांगितलं होतं, आला, दोन दिवस राहिला, पॅरासिटामॉलवर गेला. पुढच्या वेळी इतका आला नाही. हे औषध हाडात वर्षानुवर्षं राहतं म्हणून मुलांच्या हाडांचे डॉक्टर किंवा पीडियाट्रिक एंडोक्राइनोलॉजिस्टच ठरवतील, फ्रॅक्चर नसताना नुसता आकडा कमी म्हणून घाई करू नका. पाठदुखी तिची तीन-चार महिन्यांत खूप कमी झाली, वेणी घालताना आता ती गादी धरत नाही.

मुंबईला जाताना आम्ही रस्त्याने जात नाही, दबलेल्या मणक्याला खड्डे सोसत नाहीत. नाशिकरोडहून सकाळची पंचवटी एक्सप्रेस, खिडकीजवळची सीट, पाठीला फोमची उशी. कारनेच जावं लागलं तर सीटबेल्टला सगळीकडून मऊ कापड गुंडाळा, बेल्ट काढू नका.

हाड मोडल्यासारखं वाटलं तर

पाठ दोन आठवड्यांपेक्षा जास्त दुखतेय, मूल एकाएकी पाय टेकत नाही, कूस बदलवताना रडतं, बाळ एक हात हलवत नाही, तर जखमेचं दुखत असेल म्हणून थांबू नका, एक्सरे काढा. फोड-जखमेचं दुखणं ड्रेसिंगच्या वेळी वाढतं, हाडाचं दुखणं हालचालीला वाढतं, एवढा फरक मला आता ओळखता येतो.

हॉस्पिटलमधे पोचल्यावर कॅज्युअल्टीत आपलं पहिलं वाक्य, आजाराचं नाव सांगायच्याही आधी, हे असू द्या: चिकटपट्टी लावू नका, घासू नका, कपडे ओढून नाही, कापून काढा. प्लास्टर लागलंच तर खाली सिलिकॉनचं न चिकटणारं ड्रेसिंग, त्यावर मऊ फोम, त्यावर कापसाचा जाड थर, मग प्लास्टर, आणि शक्य असेल तर काढता-घालता येईल असा स्प्लिंटच मागा म्हणजे खालची कातडी रोज बघता येते. बीपीचा पट्टाही गॉजच्या घडीवर. आणि किती दिवस ठेवायचं ते त्याच दिवशी विचारा, कारण हाड जुळेपर्यंत जेवढं कमीत कमी पडून राहावं लागेल तेवढं बरं, पडून राहिलं की बाकीची हाडं झिजायला लागतात. आमच्या वेळी डॉक्टर म्हणाले तीन आठवडे आराम, मी विचारलं, उभं कधी करू? त्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, दुखणं सहन होत असेल तर आठव्या दिवसापासून, आधाराने, दोन मिनिटं. आठव्या दिवशी गोधडी ओट्यासमोर घातली.